शौचालयाला वास येतोय? आधी हे बघा
वास आला की लगेच फिनेल, ॲसिड ओतू नका. त्यानं खड्ड्यातला मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

आधी भांड्याखालचा वाकडा पाइप बघा. त्यात साचलेलं पाणीच खालचा वास अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते आटतं. तांब्याभर पाणी ओता. तरी पाणी टिकत नसेल तर पाइप फुटलाय, बदलून घ्या.

पाणी सावकाश उतरत असेल तर खड्डा भरला असेल. दोन खड्डे असल्यास चेंबरमधून दुसरा चालू करा. भरलेला खड्डा दोन वर्षं झाकून ठेवा, त्याचं सोनखत होतं.

सेप्टिक टाकी असेल तर उपसायला गाडीच बोलवा. आत कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूनं मिनिटांत जीव जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.