पाववाल्याची समाधी

रोमच्या पोर्ता माज्जोरे या वेशीबाहेर, ट्रामच्या रुळांजवळ, सुमारे १० मीटर उंचीची एक दगडी वास्तू उभी आहे. खाली एकमेकांना खेटून उभे दंडगोल, वर मोठमोठ्या गोल भोकांच्या रांगा. पाहणाऱ्याला ती कारखान्याचा अवशेष वाटावी. प्रत्यक्षात ती मार्कुस वर्गिलिउस युरिसाकेस या पाववाल्याची समाधी आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातली.

समाधीवरचा लेख त्याला पाववाला आणि सरकारी कंत्राटदार म्हणतो. नाव ग्रीक वळणाचं, आणि रोमन नागरिक आवर्जून लावत ते बापाचं नाव गायब. त्यामुळे तो गुलामगिरीतून सुटलेला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. खानदानी अंत्ययात्रेत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे मिरवत. युरिसाकेसने त्याऐवजी आपला धंदा मिरवला.

माथ्याजवळच्या शिल्पपट्टात तो धंदा क्रमाने कोरलाय. धान्य येतं, नोंद होते, गाढवं जातं फिरवतात, पीठ चाळलं जातं. पुढच्या बाजूला जनावर गोल फिरतंय आणि मोठ्या भांड्यात कणीक मळली जातेय; मेजांभोवती बसलेले कामगार गोळे वळतायत, एक जण लांब दांड्याच्या फावड्याने पाव भट्टीत सारतोय. शेवटी तराजू, भरलेल्या टोपल्या आणि अधिकाऱ्यांसमोर चाललेला हिशेब. गोल भोकांच्या तळाशी चौकोनी खाचा आहेत. म्हणून अनेकांच्या मते ही मळणीची भांडीच आहेत, आडवी बसवलेली. मला हे पटतं. ज्या भांड्यांनी पैसा दिला, तीच त्याने भिंतीत चढवली.

शहराच्या हद्दीत प्रेत पुरायचं नाही की जाळायचं नाही, हा रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यातला जुना नियम. म्हणून समाध्या वेशीबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला दाटीने उभ्या राहत. युरिसाकेसने दोन रस्ते फुटतात ते टोक पकडलं. वास्तूचा आराखडा वाकडा आहे तो त्यामुळेच. लॅबिकानावरून जा की प्रेनेस्टिनावरून, त्याचं नाव वाचल्याशिवाय सुटका नव्हती. पुढे तिसऱ्या शतकात शहराची तटबंदी शेजारून गेली, नंतर वेशीचा बुरूज थेट समाधीवरच चढला. १८३८ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी तो उतरवला, तेव्हा पाववाला पुन्हा उजेडात आला.

मेलेल्या माणसाशी रोमन लोकांचा संबंध अंत्यविधीने संपत नसे. घरचा माणूस डोळे मिटवी, मृताला नावाने हाका मारल्या जात. दहनानंतर अस्थी कलशात जात आणि नवव्या दिवशी समाधीजवळ जेवण होई. फेब्रुवारीत १३ ते २१ तारखेपर्यंत पारेंतालिया: फुलं, मीठ, दारूत भिजवलेला पाव घेऊन लोक पितरांकडे जात. काही थडग्यांना तर नळी बसवलेली असे, तिच्यातून दारू थेट अस्थींपर्यंत ओतता येई. पितृपक्ष पाळणाऱ्या आपल्याला हे फारसं परकं वाटू नये.

इथेच सापडलेल्या एका लेखात अतिस्तिया या उत्तम बायकोचा उल्लेख आहे. ती युरिसाकेसचीच बायको असं सहसा धरतात. तिचे अवशेष पावाच्या टोपलीत ठेवले आहेत, असं तो लेख सांगतो.

पण शिल्पपट्टातले गोळे वळणारे? ते बहुधा गुलाम, आणि त्यांतल्या एकाचंही नाव इथे नाही. अशा माणसांची मेल्यावर सोय काय, याचं उत्तर रोमजवळच्या लानुवियमच्या इ.स. १३६ च्या शिलालेखात मिळतं. तो तिथल्या एका अंत्यविधी-मंडळाचा, आणि त्यात गुलामही सभासद होते. प्रवेशाला १०० सेस्टर्सी (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक रांजण, मग दरमहा वर्गणी. सभासद मेला की दहनासाठी ३०० सेस्टर्सी. मालकाने आकसाने गुलामाचं प्रेत दिलंच नाही, तर त्याची प्रतिमा करून विधी उरकायचा, असं कलमच होतं. आणि एखादा गुलाम सभासद मुक्त झाला, तर त्याने सगळ्यांसाठी चांगल्या दारूचा रांजण आणायचा.