प्रक्षेपणगृहांतील नवी जालव्यवस्था व उच्चाराचे दृश्य अंग

उच्चार हा केवळ कानाचा विषय नव्हे. हॅरी मॅगर्क व जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग भाषाभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कानी ‘बा’ पडत असता ओठांची हालचाल ‘गा’ची दिसली, तर पुष्कळांना ‘डा’सारखा तिसराच ध्वनी ऐकू येतो. म्हणजे श्रवणात दृष्टीचा वाटा असतो. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणगृहांत सध्या होत असलेल्या स्थित्यंतराचा विचार या दृष्टीनेही करावयास हवा.

आजवरची व्यवस्था एसडीआय या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले मानक एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८९ साली सिद्ध केले. तीत एक केबल एका दिशेने एकच चित्र वाहून नेते. उच्चस्पष्ट चित्रासाठी हा प्रवाह सेकंदाला १.४८५ अब्ज बिट इतका असतो. चित्राच्या ओळींमधील रिकाम्या अवकाशात ध्वनी बसविलेला असल्याने वाटेत दोहोंची ताटातूट सहसा होत नाही. मात्र कॅमेरे व यंत्रे वाढली की केबलींचे जंजाळ वाढते.

नव्या व्यवस्थेचा पाया म्हणजे २०१७ पासून प्रसिद्ध होत गेलेली ‘एसटी २११०’ ही मानकमालिका होय. येथे चित्र व ध्वनी यांचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करून संगणकांच्या जालातून पाठविले जातात. प्रत्येक पॅकेटावर गंतव्याचा पत्ता असतो. एकाच प्रकाशतंतुजोडणीतून अनेक चित्रे दोन्ही दिशांनी जाऊ शकतात. शिवाय चित्र, ध्वनी व उपशीर्षके हे प्रवाह परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे एकाच सामन्याच्या चित्राला मराठी, तमिळ वा बंगाली समालोचन जोडताना चित्राच्या वेगळ्या प्रती फिरवाव्या लागत नाहीत. बहुभाषिक देशास ही सोय लहान नव्हे.

परंतु जे स्वतंत्र झाले ते पुन्हा जुळविण्याची जबाबदारीही ओघानेच आली. त्यासाठी प्रक्षेपणगृहातील सर्व यंत्रे एका मुख्य घड्याळाशी मायक्रोसेकंदाहूनही सूक्ष्म अचूकतेने जुळविलेली असतात. प्रत्येक पॅकेटावर कालमुद्रा उमटते व तिच्या आधारे अखेरीस प्रवाहांचा मेळ घातला जातो. वाटेत एखाद्या यंत्राने संस्कारासाठी चित्र एक चौकट रोखून धरले, तर सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने ४० मिलिसेकंदांचा विलंब होतो. तेवढाच विलंब ध्वनीलाही हेतुतः द्यावा लागतो. तो न दिल्यास, किंवा यंत्राने मूळ कालमुद्रा पुसून नवी उमटविल्यास, मुख्य घड्याळ बिनचूक असूनही ओठ व शब्द यांची फारकत होते.

ही फारकत किती सहन होते? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकास ते जाणवू लागते. या दोन मर्यादांतील तफावत अर्थपूर्ण आहे. दूरच्या घाटावर परीट कपडा आपटताना आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. मागून येणारा ध्वनी मनुष्याच्या सवयीचा असतो. दृश्यापूर्वीचा ध्वनी मात्र निसर्गात आढळत नाही.

प्, ब्, म् या ओष्ठ्य वर्णांत ओठ मिटतात ते स्पष्ट दिसते. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धाला बातम्या समजण्यास याच खुणेचा आधार असतो. म्हणून नव्या जालाची कसोटी त्यातून किती चित्रे वाहतात एवढ्यावरच नव्हे, तर ओठ मिटण्याचा क्षण व वर्ण कानी पडण्याचा क्षण एकत्र पोहोचतात की नाही यावरही ठरली पाहिजे.