जोधपुरी विजार आणि बॅन्जोची नखी

घरात एखादा गाणेवेडा असला की त्याच्या वाढदिवसाला काय द्यावे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्यातून त्याचे वेड अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचे असेल तर पंचाईत अधिकच. दुकानात या नावाखाली काठ उसवलेली गवती टोपी, ठिगळे लावलेली ओव्हरऑल असला माल सहज मिळतो. तो घेऊ नये. का, ते सांगायला जरा मागे जावे लागेल.

या संगीताचा जनक बिल मन्रो १९११ साली केंटकीतल्या रोझीन गावाजवळ एका शेतकरी घरात जन्मला. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. खेड्यातल्या वादकांनी गबाळे कपडे घालून लोकांना हसवावे, अशी तेव्हा तिथे रीत होती. मन्रोने मात्र आपल्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ना टाय, हॅट, उंच बूट आणि घोडेस्वाराची विजार चढवली. केंटकी हा घोड्यांचा मुलूख, म्हणून ती विजार; आणि तिचे इंग्रजी नाव पडले ते आपल्या जोधपूरवरून! पुढे विजार गेली, सूट आला, पण ‘आम्ही गरीब घरचे असू, विदूषक नाही’ हा बाणा तोच राहिला. त्या बाण्याच्या चाहत्याला ठिगळांची ओव्हरऑल देणे म्हणजे नकळत त्याची थट्टाच.

तेव्हा कपडेच द्यायचे तर पांढरा सदरा, फेल्टची साधी हॅट किंवा लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज बांधत तसा बारीक दोरीचा टाय द्यावा. तरुण मंडळींना टी-शर्टच हवा असतो. मग तो केंटकीत ओवेन्सबरो येथे ब्लूग्रासचे संग्रहालय आहे, तिथला मिळाला तर उत्तम.

चाहता स्वतः वाजवत असेल तर काम सोपे. आपल्या सतारियाची मिजराब असते तशा बॅन्जोवाल्याच्या नख्या असतात, अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात. त्या हमखास हरवतात, त्यामुळे कितीही दिल्या तरी कमीच. तारांचा संचही चालतो, मात्र वाद्य आधी विचारून घ्यावे. ब्लूग्रासच्या बॅन्जोला तारा पाच, मेंडोलिनला आठ. गिटारवाल्याला पट्टी चढवायचा चिमटा, म्हणजे केपो, द्यावा.

जुने वाद्य विकत घेऊन देण्याची हौस मात्र आवरावी. मन्रोला त्याचे १९२३ सालचे मेंडोलिन मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात अवघ्या दीडशे डॉलरला मिळाले होते. असले नशीब सगळ्यांचे नसते.

आणि हॅट घेणार असाल तर डोक्याचे माप गुपचूप काढून ठेवा. मोठी झाली तर आतल्या पट्टीत कागदाची घडी सारता येते. लहान झाली तर ती खुंटीवरच राहते.