मळलेली वाट

रानांत वाट चुकलेला मनुष्य प्रथम काय शोधतो? गवतांतून गेलेली मळलेली पायवाट. ती कोणीं आंखलेली नसते. मागून येणाऱ्यास साह्य व्हावें असा चालणाऱ्यांचा हेतुहि नसतो. तरीसुद्धां त्यांच्या पावलांनीं ती आपोआप उमटते आणि अनोळखी पांथस्थास गांवाला पोंचविते.

ग्रंथांतहि अशा वाटा पडतात. लॉगॅरिदमच्या कोष्टकांचीं पहिलीं पानें शेवटल्या पानांपेक्षां फार लवकर झिजतात, असें सायमन न्यूकम ह्या अमेरिकन ज्योतिर्विदानें १८८१ सालीं नमूद केलें. व्यवहारांत भेटणाऱ्या संख्यांपैकीं १ ह्या अंकानें आरंभ होणाऱ्या संख्या सर्वांत अधिक असतात. त्यांच्या हिशेबानें शेंकडा सुमारें ३०, आणि ९ नें आरंभ होणाऱ्या ५ हूनहि कमी. वाचकांच्या बोटांच्या मळानें गणितांतील एक नियम उजेडांत आणला!

संगणकाच्या पडद्यावर मात्र पान मळत नाहीं. हजारांनीं वाचलेला लेख आणि कोणींहि न उघडलेला लेख, दोन्ही सारखेच कोरे करकरीत. ही उणीव ओळखून अमेरिकेंतील बेलकोर ह्या संशोधनसंस्थेचे विल हिल व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं एक युक्ति मांडली. ज्या ओळी अधिक वेळां वाचल्या वा दुरुस्त केल्या गेल्या, त्यांच्यासाठीं कडेच्या पट्टींत तितक्या लांब रेघा उमटाव्या. आज चलच्चित्राखालीं दिसणारी प्रेक्षकसंख्या, किंवा 'हें पुस्तक घेणाऱ्यांनीं तेंहि घेतलें' ही सूचना, हीं ह्याच जातीचीं चिन्हें होत.

परंतु हीं चिन्हें नेहमींच विश्वासार्ह असतात काय? सॅल्गॅनिक, डॉड्स व वॉट्स यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, अप्रसिद्ध गायकवृंदांचीं ४८ गाणीं १४ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढें ठेविलीं होतीं. कांहींनीं केवळ नांवें पाहून निवड केली. बाकीच्यांचे आठ गट केले, आणि आपल्या गटांतील पूर्वीच्या लोकांनीं कोणतें गाणें किती वेळां उतरवून घेतलें, तो आंकडा त्यांस दाखविला. फल काय झालें? केवळ नांवें पाहणाऱ्यांत २६ वें ठरलेलें एक गाणें एका गटांत पहिलें, तर दुसऱ्या गटांत ४० वें आलें! अत्युत्तम गाणीं सहसा बुडालीं नाहींत, टाकाऊ सहसा वर आलीं नाहींत. मधल्यांचें भवितव्य मात्र दैवाधीन राहिलें.

कोष्टकांवरील मळ खरा होता, कारण जो तो आपल्या गरजेनें पान उघडी; पूर्वीचा मळ पाहून कोणी उघडीत नसे. जेथें मागला पुढच्याचें पाऊल पाहूनच पाऊल टाकतो, तेथें वाट कितीहि मळलेली असली तरी ती गुणाची साक्ष देत नाहीं. हिलाच आपण गतानुगतिकता म्हणतों.

आज घरांतील मुलें आपलें वाचन, आपलें गाणें, कित्येकदां आपलीं मतेंहि अशा आंकड्यांवरून निवडतात. आंकडा पाहूंच नका, असें त्यांस सांगणें व्यर्थ होय. तो पाहून झाल्यावर दोन प्रश्न विचारण्याची संवय मात्र वडील मंडळींनीं त्यांस अवश्य लावावी: ह्या वाटेनें गेले ते कोण, आणि ते कशासाठीं गेले? शिवाय, अधूनमधून एखादें न मळलेलें पानहि त्यांच्यासह उघडून पाहावें.