झीलकरी मामा

गायन पार्टीच्या हँडबिलावर शाहिराचे नाव ठळक छापले जाते. त्याच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्याचे नाव कोण छापतो? मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून २०११ साली निवृत्त झालेल्या अशाच एका झीलकऱ्याची आम्ही नुकतीच भेट घेतली. वस्तीतले लहानथोर त्यांना मामा म्हणतात. दिवसा वर्कशॉप आणि रात्री गायन पार्टी असे त्यांचे उभे आयुष्य गेले. पण एकट्याने गायला ते कधी पुढे आले नाहीत.

“एकट्याचं गाणं मला जमत नाही. चौघांत आवाज मिसळला की बरं वाटतं,” मामा म्हणाले.

झील धरणे वाटते तितके सोपे नाही. शाहिराची ओळ संपते न संपते तोच तिचे शेवटचे शब्द उचलायचे, आणि तुणतुण्याच्या सुराला धरून चढ्या आवाजात ते लांबवायचे. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला सापडतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचायचा तो या झिलीच्या जोरावर.

नाशिक जिल्ह्याला हे वेड जुनेच. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरून, अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार नेत होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) याच मातीतले. भीमरावांनी १९७८ साली जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून तो इतिहास आज वाचता येतो. पण चाल पुस्तकात कशी उतरणार?

मामांची खंत हीच आहे. त्यांच्या पार्टीची गाणी कॅसेटवर कधी आलीच नाहीत. शाहीर गेले, पेटीवाले गेले. चार झीलकऱ्यांपैकी दोघे उरले; त्यातल्या एकाला आता ऐकू येत नाही. वहीत शब्द सारे आहेत. मामा दर रविवारी विहारात मुलांना ती गाणी शिकवतात. पण एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्याची चाल त्यांना काही केल्या आठवत नव्हती.

आमच्यासमोर गातानाही ते तिथेच अडले. तोच आतून मामींचा आवाज आला, “अहो, तिथं खाली उतरायचं, वर नाही.” आणि चहाचे कप ठेवता ठेवता त्यांनी ते कडवे म्हणूनच दाखवले!

आम्ही थक्क झालो. पार्टीची तालीम याच घरात व्हायची. आठ-दहा जणांचा चहा करता करता मामींच्या कानात सारी गाणी साठत गेली होती.

“मला कधी कुणी म्हण म्हणालंच नाही,” त्या सहज बोलून गेल्या.

मामांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाले, “आता म्हण. मी झील धरतो.”

आता रविवारी विहारात मामी पुढे बसतात आणि मामा मुलांबरोबर मागे.

वाचकहो, शब्द वहीत राहतात, चाल गळ्यात राहते. आपल्याही वस्तीत असा एखादा झीलकरी असेल. सवड काढून त्याच्याकडे जा, खिशातल्या मोबाईलवर त्याचे गाणे उतरवून घ्या. आणि हो, त्या घरातल्या मामींनाही विचारायला विसरू नका.