रबरी रिंगवरचा डोलारा

वेगवान मोटारीचा मालक एकाच वेळी दोन उलट गोष्टी मागतो. वळणावर गाडी कलू नये, आणि खड्ड्यात हाडे खिळखिळी होऊ नयेत. पोलादी स्प्रिंगला दोन्ही नीट साधत नाही, म्हणून गेली सत्तर वर्षे अभियंते दाबाखालच्या तेलाकडे वळत आले. या वाटचालीचा हिशेब मांडला, तर कल्पना क्वचितच फसलेली दिसते. फसली ती झिजणाऱ्या भागांची तजवीज.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. सित्रोएनच्या पॉल माजेस यांची रचना १९५५च्या डीएस मोटारीत चारही चाकांना मिळाली. प्रत्येक चाकाशी एक धातूचा गोळा. त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. वायू स्प्रिंगचे काम करतो, तेल गाडीची उंची राखते. इंजिनावर चालणारा पंप हेच तेल ब्रेक आणि स्टीअरिंगलाही पुरवतो. सोय मोठी, पण एक पंप थकला की तिन्हींवर संकट.

पहिला शत्रू निघाला ओलावा. सुरुवातीचे तेल हवेतले पाणी शोषून घेई आणि आतले सुटे भाग गंजत. १९६६च्या अखेरीस हिरवे खनिज तेल आले आणि हे दुखणे बरेच सरले. मात्र जुन्या गाडीत नवे किंवा नव्या गाडीत जुने तेल ओतले की सील खराब होत. दुसरे दुखणे संथ असते. नायट्रोजन पडद्यातून हळूहळू झिरपतो. वायू गेला की गाडी दगडासारखी कडक होते, आणि तेल गळले की ती खाली बसते. अनुभवी मेकॅनिक लक्षणावरूनच रोग ओळखतो. पुन्हा गोळा आट्यांवर बसवलेला असल्याने तो काढून दुसरा लावणे हे साधे काम. कुकरची रिंग ठरावीक काळाने बदलायचीच असते, तसाच हा हिशेब.

१९७०च्या सित्रोएन एसएममध्ये हीच यंत्रणा मासेरातीच्या व्ही-६ इंजिनाच्या जोडीला आली. नाजूक म्हणून ही गाडी बदनाम झाली, त्यात इंजिनाच्या टायमिंग चेनचा वाटा मोठा होता, पण लोकांनी बोट दाखवले ते तेलाकडे. १९७५ साली आलेल्या मर्सिडीज ४५० एसईएल ६.९ने आणखी शहाणपण दाखवले. दाब गेलाच तर गाडी कडक रबरी ठोकळ्यांवर टेकून हळूहळू गॅरेजपर्यंत पोहोचू शके. बिघाड होणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना.

फॉर्म्युला वन शर्यतीत मात्र अंगावर आलेला बिघाड झाकता येत नाही. १९८७ साली आयर्टन सेनाने लोटस ९९टीच्या सक्रिय सस्पेन्शनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने तेलाचा दाब बदलणाऱ्या यंत्रणेवर, मोनाको आणि डेट्रॉइट जिंकले. पुढच्याच वर्षी विल्यम्सची तशीच यंत्रणा इतकी बेभरवशाची ठरली, की सिल्व्हरस्टोनला सराव सुरू असताना संघाने एका रात्रीत ती उतरवून साधे स्प्रिंग-डॅम्पर बसवले. नायजेल मॅन्सेल दुसरा आला! त्याच संघाने चिकाटीने यंत्रणा सुधारली आणि १९९२ साली मॅन्सेलने सोळापैकी नऊ शर्यती जिंकल्या. १९९४पासून नियमांनीच तिच्यावर बंदी घातली. पण दोन शर्यतींच्या मधे गाडी उलगडून तपासणारी माणसांची फौज सामान्य मालकाकडे कुठून येणार?

हा फरक १९९९नंतर ठळक झाला. मर्सिडीजची सक्रिय यंत्रणा, म्हणजेच एबीसी, आधी सीएल कूपेत आणि मग एसएल ५५ एएमजीसारख्या गाड्यांत आली. दाब सुमारे २०० बार. वळणावर गाडी जवळजवळ सपाट राहते. मात्र वय झाल्यावर पंप, रबरी नळ्या, दाब साठवणारे गोळे, झडपांचे संच आणि स्ट्रट यांतले काहीही मान टाकू शकते. एका भागातला रबराचा कण किंवा धातूचा चुरा दुसऱ्या भागात जाऊन बसतो, म्हणून नुसता पंप बदलून भागत नाही. तेल आणि फिल्टरही बदलावे लागतात. २०११च्या मॅक्लारेन एमपी४-१२सीमध्ये आडव्या अँटी-रोल दांड्यांऐवजी डॅम्पर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले. तिथेही दुखणे नायट्रोजनच्या गोळ्यांचेच.

गाडी नवी असताना हे सारे हमीत झाकले जाते. खर्च येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या मालकावर. त्याला गाडी स्वस्तात मिळते, सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच दराने. तो दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि छोटी गळती पंपाला कोरडे चालवून मोठा बिघाड करते.

२०२४च्या पोर्शे पानामेराने लांब नळ्यांना फाटा देऊन प्रत्येक डॅम्परला स्वतःचा विजेवर चालणारा पंप दिला आहे. गळतीच्या जागा यातून कमी होतील, पण रबर आणि तेल तेच राहतील. म्हणून अशी गाडी घेताना वेगाचे आकडे नंतर पाहावेत. झिजणारा भाग वेगळा काढता येतो का, आणि पंधरा वर्षांनी तो मिळेल का, हे आधी विचारावे. सित्रोएनच्या गोळ्याने या दोन्ही प्रश्नांना होकार दिला होता. म्हणूनच डीएस आजही रस्त्यावर उभ्या राहतात.