झोत-शमन

अतिशय उच्च ऊर्जेचा क्वार्क अथवा ग्लुऑन घन व तप्त अणुकेंद्रीय द्रव्यातून जाताना ऊर्जा गमावतो आणि त्यामुळे त्याच्यापासून निर्माण होणारा कणांचा झोत क्षीण होतो. या आविष्काराला झोत-शमन म्हणतात. क्वार्क मुक्त स्थितीत आढळत नाही; आघातातून उसळलेल्या क्वार्कपासून एकाच दिशेने जाणाऱ्या अनेक कणांचा जो अरुंद समूह बनतो, त्यास झोत ही संज्ञा आहे.

जे. डी. ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली. क्वार्क माध्यमातील कणांवर आदळत ऊर्जा गमावत असावा, असे त्यांचे गणित होते. पुढे असे दिसून आले की, हलक्या क्वार्कच्या बाबतीत याहून मोठा व्यय ग्लुऑनांच्या उत्सर्जनाने, म्हणजे प्रारणाने होतो. या प्रारणाची रीत मात्र साधी नाही. उत्सर्जित कण मूळ कणापासून पूर्णपणे वेगळा होण्यास काही अंतर लागते. तेवढ्या अंतरात अनेक आघात झाले, तर ते प्रत्येकी स्वतंत्रपणे प्रारण घडवीत नाहीत. सर्व मिळून एकाच आघाताप्रमाणे वागतात. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हे एल. डी. लांदाऊ व आय. या. पोमेरांचुक यांनी १९५३ मध्ये दाखविले आणि ए. बी. मिग्दाल यांनी १९५६ मध्ये त्याचे पुंजयामिकीय विवरण दिले. ग्लुऑनाचे वैशिष्ट्य असे की, फोटॉनावर विद्युत् भार नसतो, पण ग्लुऑनावर ‘रंगभार’ असतो. त्यामुळे तो स्वतःच माध्यमात प्रकीर्णित होतो. परिणामी ऊर्जाव्यय मार्गाच्या लांबीच्या प्रमाणात न वाढता, जाडी फार नसलेल्या एकविध माध्यमात, तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

असे माध्यम प्रयोगशाळेत केवळ सु. १०⁻२३ सेकंद टिकते. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० सालापासून सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडवून क्वार्क व ग्लुऑन यांचा आयनद्रायू (प्लाझ्मा) निर्माण करण्यात आला. समोरासमोरच्या टकरींत उच्च ऊर्जेचे पायॉन अपेक्षेच्या सु. एक-पंचमांशच मिळाले. तथापि ही तूट शमनामुळेच आहे, असे लगेच म्हणता येत नव्हते. मोठ्या अणुकेंद्रात मुळातच ग्लुऑन कमी असतील, तरीही हेच घडले असते. हा प्रश्न २००३ मध्ये सुटला. ड्यूटेरॉन व सोने यांच्या टकरींत सोन्याचे अणुकेंद्र तेच, पण विस्तृत तप्त माध्यम नाही. तेथे अशी तूट आढळली नाही. पुढे सोने-सोने टकरींतील थेट फोटॉनही कमी झालेले दिसले नाहीत. फोटॉनांवर प्रबल परस्परक्रियेचा परिणाम होत नसल्याने हा पुरावा विशेष मोलाचा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील वैज्ञानिकांचा ब्रुकहेवन येथील फीनिक्स प्रयोगात सहभाग होता.

जिनीव्हाजवळील सर्न येथे २०१० मध्ये शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींत शमन प्रत्यक्ष झोतांतच दिसले : परस्परविरुद्ध दिशांना निघालेल्या दोन झोतांपैकी एक तेजस्वी, तर दुसरा फारच क्षीण. गमावलेली ऊर्जा नष्ट होत नाही. झोताच्या अक्षापासून दूर विखुरलेल्या कमी ऊर्जेच्या कणांत ती सापडते. किती लहान माध्यम शमनास पुरते हे पाहण्याच्या दृष्टीने तेथे जुलै २०२५ मध्ये ऑक्सिजनाच्या अणुकेंद्रांच्याही टकरी घडविण्यात आल्या.